घाट-सारंग अजून मेला नाही

मी चांदूर रेल्वेचा. जिल्ह्यात दुसरं एक चांदूर आहे, चांदूर बाजार. त्याला बाजार मिळाला, आम्हाला रूळ मिळाले. समुद्र दोघांनाही नाही. मुंबईचा समुद्र इथून रुळानं सातशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या वस्तीनं तो पाहिला असेल तर सहा डिसेंबरलाच पाहिलेला. चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभं राहायचं, अभिवादन करायचं आणि दादरच्या वाळूत बसून घरून आणलेल्या भाकरी सोडायच्या. मी सात वर्षांचा होतो तेव्हा माय तिथंच म्हणाली होती, "एवढं पानी हाये बाप्पा, अन् कोनी अडवून नाई राह्यलं!"

अडवतात माय. त्या पाण्यावरही अडवतात. मी त्या पाण्यावर अकरा महिने काढून आलो, म्हणून सांगतो.

दोस्तहो, हे रडगाणं नाही. रडून झालं. मला एक हिशेब मांडायचा आहे आणि तो तुमच्यासमोरच मांडायचा आहे. कारण आपल्या सभांमध्ये मी गिरणी ऐकली, शेतमजुरी ऐकली, गटार ऐकलं, नोकरीतला बॅकलॉग ऐकला. खलाशी हा शब्द कधी ऐकला नाही. जणू समुद्र हा आपला विषयच नाही.

आपला विषय कसा नाही? १८५३ साली इंग्रजानं निजामाकडून वऱ्हाड घेतलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इथून नागपूरपर्यंत रूळ टाकले. ते आपल्या आजोबा-पणजोबांना पंढरीला न्यायला टाकले नव्हते. अमेरिकेत यादवी पेटली होती, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. वऱ्हाडात वेचलेला कापूस जिनिंगमध्ये गाठी होऊन गाडीत, गाडीतून मुंबईच्या गोदीत, गोदीतून बोटीत. वेचणारी माझी पणजी. गाठ उचलणारा माझा आजा. बोटीच्या पोटात कोळसा टाकणारा कोणी तरी रत्नागिरीचा, सिल्हेटचा, पंजाबचा. तिघांना एकमेकांचं नाव माहीत नव्हतं. मालाचा भाव ठरवणारा मात्र तिघांनाही ओळखत होता आणि तिघांनाही कमी देत होता. चांदूरचा समुद्राशी संबंध तेव्हापासूनचा आहे. आपल्याला तो कोणी सांगितला नाही एवढंच.

आता माझा हिशेब.

बारावीनंतर मी जी.पी. रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला. जहाजावरचा सगळ्यात खालच्या पायरीचा खलाशी होण्याचा कोर्स. फी भरली, सीडीसी काढलं, मेडिकल केलं. मग कळलं की खरी फी पुढंच आहे. नवी मुंबईतला एक एजंट म्हणाला, "साडेतीन लाख. त्याशिवाय जहाज नाही." बापाची दीड एकर कोरडवाहू गहाण पडली. मायची पोत गेली. बचत गटाचं कर्ज वेगळं. बाप म्हणाला, "कायले जातं रे बा पान्यात? जिनिंगात लावतो तुले." मी ऐकलं नाही. जिनिंगात बापाचे खांदे मी पाहिले होते.

आता ऐका. साडेतीन लाख घेणं गुन्हा आहे. आज नाही, काल नाही, शंभर वर्षांपासून ते चूक ठरलेलं आहे. १९२० साली इटलीतल्या जिनोआ शहरात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची खास बैठक भरली, फक्त खलाशांच्या प्रश्नांवर. संघटना जेमतेम एक वर्षाची होती. त्या बैठकीत करार झाला की खलाशाला काम मिळवून देण्याचा नफ्याचा धंदा कोणी करायचा नाही आणि त्याच्याकडून सरळ किंवा आडमार्गानं दमडी घ्यायची नाही. २००६ साली जिनिव्हात सगळे जुने करार एकत्र करून मोठा सागरी कामगार करार झाला. तो २०१३ साली जगात लागू झाला. भारतानं २०१५ साली त्यावर शिक्का मारला, २०१६ साली नियम केले. त्यात स्पष्ट आहे: पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल, एवढाच खर्च खलाशाचा. व्हिसाचासुद्धा नाही. एजंटनं घ्यायचं ते मालकाकडून घ्यावं.

आणि मी दिले साडेतीन लाख. २०२१ साली. करार माझ्या मोबाईलमध्ये होता, मला माहीत नव्हता एवढंच. माहीत असता तरी काय केलं असतं? "कायद्यात बसत नाही" म्हणून उठून आलो असतो तर बाहेरच्या बाकावर माझ्यासारखे वीस बसले होते. कोणी लातूरचा, कोणी बिहारचा, कोणी यूपीचा. प्रत्येकाच्या पिशवीत कोणाची तरी जमीन होती.

हा एजंट नवा माणूस नाही. इंग्रजाच्या काळात कलकत्त्याला त्याला घाट-सारंग म्हणत. मुंबईत लायसन्सवाले दलाल होते आणि जहाजावरचे सारंग होते. खलाशांची टोळी जमवायची ती सारंगानं. काम मिळायच्या आधी खलाशी त्याच्या कर्जात, काम मिळाल्यावर पगारातला हिस्सा त्याला. १९२२ साली सरकारनंच नेमलेल्या क्लो कमिटीनं सांगितलं की हे मधले काढा, सरकारी भरती कचेरी उघडा. मुंबईत सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिस उघडायला १९५४ साल उजाडलं. इंग्रज गेला, कमिटीचे कागद वाळवीनं खाल्ले असतील, घाट-सारंग मात्र मेला नाही. त्यानं धोतर सोडून टाय घातला. एसी ऑफिस घेतलं. भिंतीवर जहाजाचा फोटो लावला.

आता मुद्द्याचं. सारंग टोळी जमवायचा ती कोणाची? आपल्या गावची, आपल्या जमातीची, आपल्या भाऊबंदांची. डेकवर एका मुलखाची माणसं, इंजिनात दुसऱ्या, साहेबांच्या जेवणघरात गोव्याची. ज्याचा मामा बोटीवर, तो बोटीवर. ज्याचा कोणीच नाही, त्यानं नोकरी विकत घ्यायची. आणि आमचा तिथं कोण असणार? गावाबाहेर ठेवलेल्या माणसाचा गोदीत मामा कुठून येणार? म्हणून जे दुसऱ्याला ओळखीनं मिळतं ते आम्हाला जमीन गहाण टाकून मिळतं. याला काही शहाणे 'भ्रष्टाचार' म्हणतात. मी याला जात म्हणतो. भ्रष्टाचार सगळ्यांना सारखा लुटतो. हा तसा लुटत नाही.

जहाजावर आमच्यासाठी एक जागा मात्र पहिल्यापासून राखीव होती. ती कोणत्या घटनेनं दिली नव्हती. तिचं नाव टोपास. टोपास म्हणजे जहाजावरचा संडास धुणारा, झाडणारा, मैला काढणारा. व्यापारी बोटींवर टोपास, लढाऊ बोटींवर टोपास. या कामाला बहुतेक मेहतर-भंग्यांचीच पोरं घेत. बोट लंडनला जावो की सिडनीला, बंदर बदलायचं, समुद्र बदलायचा, झाडू त्याच हातात. गावकूस लोखंडाचं करून पाण्यात सोडलं तरी ते गावकूसच राहिलं.

आणि हे ज्यांनी केलं त्यांचा धर्म काय सांगत होता? बौधायनानं जात घालवणाऱ्या पातकांच्या यादीत समुद्रप्रवास अगदी वर ठेवला. मनूनं समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंगतीतून उठवलं. म्हणजे पाण्यावर जाणं पाप. पण पाण्यावर दुसऱ्याला पाठवून त्याच्या घामाचं भाडं तिजोरीत टाकणं, ते पाप कोणत्या स्मृतीत आहे? नाही. दरवर्षी ५ एप्रिलला आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९१९ साली त्या दिवशी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली म्हणून. देशी मालकाची बोट, देशाचा अभिमान. ठीक आहे. त्या बोटीच्या भट्टीपुढं उभा असलेल्या माणसाचा दिन कोणता? मालक देशी झाला म्हणून भट्टी थंड झाली काय?

मी जहाजावर चढलो तेव्हा टोपास हा शब्द कागदावर कुठं नव्हता. माझ्या कागदावर लिहिलं होतं ऑर्डिनरी सीमन. दुसऱ्याच दिवशी एक अधिकारी, आपलाच मराठी माणूस, चहा पिता पिता म्हणाला, "गाव कोणतं? आडनाव?" सांगितलं. "अच्छा," म्हणाला. तो 'अच्छा' तुम्हाला मी समजावून सांगायला पाहिजे काय? शाळेत दाखल्याच्या वेळी गुरुजी म्हणतात तो. खोली भाड्यानं मागताना मालकीण म्हणते तो. तिसऱ्या दिवसापासून संडास माझ्याकडं. भिंतीवर पाळीचा तक्ता होता. तक्त्यावर नावं फिरत होती, ब्रश फिरत नव्हता. फिलिपिनो बोसननं एकदा विचारलं की रोज तूच का? मी त्याला काय सांगू? जात या शब्दाला त्याच्या भाषेत शब्द नव्हता. आमच्या अधिकाऱ्याच्या भाषेत शब्द होता, पण तो म्हणायचा की आता तसं काही राहिलेलं नाही.

कामाचे तास ऐका. करार सांगतो, चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात किमान ७७ तास. आम्ही सोळा-सोळा तास उभे असायचो आणि महिन्याच्या शेवटी विश्रांतीच्या तक्त्यावर एका बैठकीत सह्या करायचो. सगळ्यांची झोप कागदावर सुंदर लागलेली. आणि खुद्द हा करार तरी किती उदार? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्याच १९४६ साली कारखान्यातल्या मजुराला आठवड्याचे ४८ तास कायद्यानं मिळाले. खलाशाला साठ वर्षांनंतरचा आंतरराष्ट्रीय करार आठवड्याला ७२ तासांपर्यंत राबवायला मोकळीक देतो. जमिनीवरच्या मजुरापेक्षा पाण्यावरचा मजूर अजून दोन पिढ्या मागं आहे.

पगार दोन महिने मिळाला. २०२२ च्या जानेवारीपासून बंद. मार्चमध्ये जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं आणि मालकानं फोन उचलणं बंद केलं. त्या जहाजावर ज्या देशाचा झेंडा होता तो देश मला नकाशात शोधावा लागला. मालक तिसऱ्याच देशातला, मॅनेजर चौथ्या, एजंट नवी मुंबईत. आम्ही अकरा जण मात्र एकाच ठिकाणी होतो. आधी भाजी संपली. मग गॅस. मग जनरेटरचं डिझेल दिवसातून दोन तासांवर आलं. लोखंडी खोलीत उन्हाळा कसा असतो हे वऱ्हाडच्या माणसालासुद्धा तिथं नव्यानं कळलं. आम्ही डेकवर झोपायचो. रात्री समोर शहराचे दिवे दिसायचे. उतरता येत नव्हतं. व्हिसा नाही, पासपोर्ट कप्तानाकडं, आणि जहाज सोडलं तर थकलेला पगार गेला ही भीती. जेलमधल्या माणसाला सुटकेची तारीख तरी असते.

घरी फोन लागला की माय विचारायची, "जेवला काय बाप्पा?" मी म्हणायचो, "हो माय, मच्छी खाल्ली." मच्छी खरीच होती. गळ टाकून धरलेली. तीच सकाळी, तीच संध्याकाळी.

त्या फिलिपिनो बोसननं मला पहिल्यांदा तो करार दाखवला. पन्नाशीचा माणूस, याआधी एकदा असाच अडकलेला. त्यानं सांगितलं की दोन महिने पगार नाही, खाणंपिणं नाही, घरी पाठवण्याचा खर्च नाही, यातलं एक जरी झालं तरी कायद्यानं आपण 'टाकून दिलेले' खलाशी. आमच्याकडं नवऱ्यानं सोडलेल्या बाईला टाकलेली म्हणतात. मला तो शब्द आला आणि पोटात कालवलं. २०१७ पासून असा नियम आहे की प्रत्येक जहाजाच्या मालकानं यासाठी विमा किंवा हमी ठेवायची. टाकून दिलेल्या खलाशाला त्यातून अन्न, घरी जायचं भाडं आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळतो. त्या हमीचा कागद जहाजावर लावलेला असायला पाहिजे. आम्ही शोधला. होता! जेवणघरात, कॅलेंडरच्या मागं. पाच महिने आम्ही त्या कागदासमोर बसून उपाशी होतो.

बोसननं आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाला मेल लिहिला. सह्या मागितल्या. अधिकारी म्हणाला, "सह्या करू नका, ब्लॅकलिस्ट व्हाल." पहिल्या दिवशी सहा सह्या झाल्या. तिसऱ्या दिवशी पिण्याचं पाणी संपलं तेव्हा अकरा झाल्या, अधिकाऱ्याचीसुद्धा. पाणी बंद झालं की समतेचा अर्थ चटकन कळतो. आमच्या आज्यांना तो महाडच्या आधीपासून माहीत होता.

ऑक्टोबरमध्ये मी घरी आलो. नऊ महिन्यांचा पगार थकलेला, मिळाला चार महिन्यांचा. पाच महिने समुद्रात गेले. साडेतीन लाख एजंटकडं गेले. जमीन अजून सुटलेली नाही.

आता मला माझ्यावर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत.

पहिला म्हणतो, "स्वखुशीनं गेलास ना? कोणी बळजबरी केली?" साहेब, ज्याच्यापुढं दोनच रस्ते आहेत आणि दोन्हीकडं खड्डा आहे त्याच्या खुशीचं काय सांगता? स्वखुशी हा शब्द पोट भरलेल्या माणसाचा आहे.

दुसरा म्हणतो, "तुझंच नशीब वाईट. सगळ्यांचं तसं होत नाही." नशीब? एकट्या २०२४ साली त्या महासंघाच्या नोंदीत ३१२ जहाजं टाकून दिलेली आहेत. त्यांवर तीन हजारांच्या वर खलाशी. सगळ्यात जास्त कोणत्या देशाचे? भारताचे. तीन हजार माणसांचं नशीब एकाच वर्षी, एकाच पद्धतीनं वाईट होत असेल तर त्या पद्धतीला नाव आहे. तिचं नाव सोयीचा झेंडा. मालक एका देशात राहतो आणि जिथं कर कमी, कायदा सैल आणि विचारणारा कोणी नाही अशा देशाचा झेंडा जहाजावर लावतो. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं, जगातला मोठा जहाजी माल यांच्या झेंड्यांखाली फिरतो. मंगोलियाला समुद्रच नाही, तरी मंगोलियाच्या झेंड्याची जहाजं आहेत. मग चांदूर रेल्वेनं काय घोडं मारलंय? उद्या आमच्या नगरपरिषदेनंही झेंडे विकावेत! थट्टा बाजूला ठेवा. मालकाला अडचण आली की तो झेंडा बदलतो, नाव बदलतो, जुनं कर्ज धुऊन निघतं. माझ्या आडनावाला ती सोय नाही. ते माझ्या आधी बोटीवर चढतं.

तिसरा आपल्याच डाव्या युनियनमधला मित्र. तो म्हणतो, "खलाशी हा खलाशी. जात काढून एकजूट फोडू नका." मित्रा, एकजूट मला तुझ्यापेक्षा जास्त पाहिजे, कारण एकट्यानं उपाशी राहायची पाळी माझ्यावर आली होती. पण संडासच्या तक्त्यावर जी एकजूट दिसत नाही ती संपाच्या दिवशी कुठून आणशील? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी सांगितलं होतं की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेत खरं होतं ते जहाजावर खोटं कसं होईल? एका डोळ्यानं पाहू नकोस एवढंच म्हणणं आहे.

चौथा आपला पुढारी. तो म्हणतो, "हा आपला अजेंडा नाही. किती पोरं आहेत अशी?" साहेब, किती आहेत ते तुम्ही मोजलं काय? १९१७ साली बाबासाहेबांची पुस्तकांची पेटी ज्या बोटीत होती ती पाणबुडीनं बुडवली, हे आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पुस्तकांसाठी आपण हळहळतो, हळहळायलाच पाहिजे. त्या बोटीत कोळसा टाकणारं कोण होतं, हे मी तरी स्वतः बोटीवर जाईपर्यंत कधी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं?

आणि मोजायचंच असेल तर १७ मे २०२१ पासून मोजा. तौक्ते वादळ. इशारा आधीच आलेला. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा बार्ज २६१ माणसं घेऊन समुद्रातच थांबला. नांगर तुटले, बार्ज वाहत गेला, बुडाला. सत्तरच्या वर माणसं मेली. वरप्रदा नावाच्या टगबोटीवरची अकरा वेगळी. बार्जवर वेल्डर, फिटर, आचारी, मदतनीस. कंत्राटदाराची, त्याच्या कंत्राटदाराची माणसं. समुद्रावर राहायचे, समुद्रावर राबायचे, समुद्रात मेले, पण खलाशाच्या व्याख्येत सरळ बसत नाहीत. अशी जमिनीवरची पोरं समुद्रावर किती जातात? कोणत्या जिल्ह्यातून? कोणत्या वस्तीतून? ज्यांनी मोजायचं त्यांनी मोजलं नाही. आपणही नाही.

मग कायदा निरुपयोगी आहे काय? नाही. असं म्हणणारा घाट-सारंगाचाच माणूस. तो कागद कॅलेंडरच्या मागं होता म्हणून मी घरी आलो. पण कागद आपणहून चालत आला नाही, सह्या झाल्या तेव्हा चालला. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा इंग्रजी बोटींवर हिंदी खलाशी, ज्यांना गोरे लास्कर म्हणत, गोऱ्याच्या पगाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात राबत होते, काही तर त्याहून कमीत. त्यांनी इंग्लंडच्याच बंदरांत काम थांबवलं. शेकडो तुरुंगात गेले. तरी पगार वाढवावा लागला. कोणत्या परिषदेनं तो वाढवला नाही, बंद पडलेल्या बोटींनी वाढवला. त्या युद्धात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदी खलाशी मेले.

१८ फेब्रुवारी १९४६. हे व्यापारी खलाशी नव्हते, नौदलाची पोरं होती. मुंबईत 'तलवार' तळावर निकृष्ट जेवणावरून त्यांनी संप सुरू केला. गोऱ्याइतका पगार मागितला. काही दिवसांत सत्तरच्या वर जहाजं आणि वीस हजारांच्या आसपास नाविक उठले. परळ-लालबागचा गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आला आणि गोळीबारात दोनशेच्या वर माणसं मेली. काँग्रेस आणि लीग दोन्हीकडचे पुढारी म्हणाले, शरण जा. पोरं शरण गेली. स्वातंत्र्य आलं, बडतर्फ झालेल्यांना नौदलात परत घेतलं नाही. जमिनीवरच्या कामगारानं साथ दिली, जमिनीवरच्या पुढाऱ्यानं हात सोडला. हे विसरू नका.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. खलाशाचे हक्क नाहीत असं नाही. शंभर वर्षांचे आहेत. ते आपल्यापर्यंत येत नाहीत, कारण मध्ये दलाल उभा आहे, आणि दलालाच्या दारात आपण एकेकटे जातो. एकेकटा गेलेला माणूस नोकरी विकत घेतो. दहा जण मिळून गेले तर पावती मागू शकतात.

पोरांनो, हे वहीत लिहून घ्या. जहाजावर लावण्यासाठी पैसे मागितले की उठा. एजंटकडं सरकारी लायसन्स आहे की नाही ते जहाज महासंचालनालयाच्या यादीत आधी बघा. करारपत्राची एक प्रत घरी ठेवल्याशिवाय विमानात बसू नका. व्हिजिट व्हिसावर जहाजावर पाठवणारा चोर आहे. चढल्या दिवशी हमीचा कागद शोधा, त्याचा फोटो घरी पाठवा. केलेले तास स्वतःच्या वहीत रोज लिहा, त्यांचा तक्ता त्यांच्याकडं राहू द्या. दुसरा महिना पगाराविना गेला की तिसऱ्याची वाट पाहू नका, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि युनियनला कळवा. आणि ब्रश तुमच्याच हातात राहत असेल तर तेही लिहा. कोणत्या दिवशी, कोणाच्या हुकमानं.

आमच्या वस्तीतल्या विहारात मी एक वही ठेवली आहे. समुद्रावर, आखातात, बार्जवर, कुठंही बाहेर गेलेल्या पोरांची नावं, कोणामार्फत गेले, किती पैसे दिले, शेवटचा फोन कधी आला. पहिलं नाव माझं. बाप वाचता येत नसताना वही उघडून बघतो आणि म्हणतो, "हे कायले लिवतं? गेलेले पैसे येतीन काय?" नाही येणार. पण त्या एजंटच्या बाकावर पुढचा जो पोरगा बसेल त्याला निदान आमच्या वस्तीतून कोणी तरी विचारून ठेवलेलं असेल.

दर रात्री चांदूर स्टेशनातून कंटेनरच्या मालगाड्या मुंबईकडं जातात. इथं त्यांना थांबा नाही. त्यातला माल कोणाचा, जहाज कोणाचं, ते आपल्याला माहीत नाही. त्या जहाजावर राबणारा मात्र आपला असू शकतो. आजपर्यंत वहीत तीन नावं आहेत. अमरावती, बडनेरा, धामणगाव, अकोला, मूर्तिजापूर, तुमच्या वस्तीची वही अजून कोरी का आहे?